हरवलेल्या पिशवीचा खुलासा

कॅप्टन थॅडियस ऑर्कटची घोडदळातली एकोणतीस वर्षं तीन खोक्यांत मावली होती. नेब्रास्कातल्या जुन्या छावणीच्या दप्तरखान्यात डेल्फिन सकाळपासून त्यातला एकेक कागद उलटत होती. शेजारी तिचा थोरला भाऊ विल्बर टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता.

"सापडला का गं तुझा देवमाणूस?" तो म्हणाला. "आपल्या शायेन जमातीवर घोडे घातले ह्याने, अन् तू त्याची अक्षरं लावत बसलीयस!"

"गप रे दादा."

तिला पणजीचा शब्द खरा करायचा होता. सात वर्षांची पणजी भर बर्फात नदीच्या दरडीखाली एकटी लपली होती. एका गोऱ्या अधिकाऱ्याने तिला पाहिलं, बिस्किटांची पिशवी फांदीला अडकवली आणि मुकाट्याने घोडा वळवला, असं ती मरेपर्यंत सांगत राहिली. पण वरच्या खळग्यात लपलेले तिच्याच जमातीचे अकराजण सैन्याने मारले होते, आणि ही पोर जिवंत सापडली ती ऑर्कटच्या 'एच' तुकडीच्या पिशवीसकट. सैनिक फुकट कशाला देतील? खळगा हिनेच दाखवला, असं लोकांनी ठरवून टाकलं. सत्तर वर्षं तिच्या हातचं कुणी खाल्लं नाही.

लष्कराची तऱ्हाच न्यारी. माणूस मेला तर एक ओळ, पण सरकारी पिशवी हरवली की अधिकाऱ्याने शपथेवर खुलासा लिहायचा. तसला एक खुलासा हाती आला आणि डेल्फिनने तो खिडकीच्या उजेडात धरला.

'एच तुकडीची एक पिशवी, बिस्किटांसह. २० जानेवारीला नदी ओलांडताना वाहून गेली. चूक माझी.'

खाली कर्नलचा लाल शेरा होता. 'ही तुकडी नदीवर त्याच दिवशी प्रथम पोचली. नदी तळापर्यंत गोठलेली होती. पिशवी वाहील कशी? अधिकारी काहीतरी लपवतो आहे. बढती रोखावी.'

बढती नऊ वर्षं रोखली गेली. दरवर्षी नवा खुलासा मागवला जाई आणि दरवर्षी ऑर्कट त्याच ओळी लिहून पाठवी. डेल्फिनने नऊही कागद टेबलावर मांडले आणि नकळत उठून उभी राहिली. ज्या पोरीचं नावही ठाऊक नव्हतं, तिच्यासाठी एक माणूस नऊ वर्षं तोंड मिटून बसला होता.

"दादा, खळग्यावरचा हल्ला कोणत्या तारखेचा?"

"सतरा जानेवारी. शेंबड्या पोरालाही पाठ आहे, त्यांच्या आठवणीत दरवर्षी तिथवर धावतो आपण."

"मग हे वाच."

विल्बरने वाचलं. पुन्हा वाचलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तीन दिवस आधीच गेले होते ते अकराजण," तो हळूच म्हणाला. "अन् हा तोवर तिथे आलाच नव्हता."

"पणजी खरं बोलत होती, दादा."

त्याने नऊही कागद एकावर एक नीट रचले.

"आठ वर्षांचा होतो मी," तो म्हणाला. "तिने गरम गरम तळलेली भाकर दिली मला. मी तिच्यासमोरच ती कुत्र्याला घातली, डेल्फिन. आणि ती काहीच बोलली नाही गं."