रांगेतला शेवटचा

रविवारी उजाडताच इस्तारीने पळसाची डहाळी तोडली, गावाबाहेरच्या सपाट दगडावर आपटल्यासारखी ठेवली आणि जाळी बघायला तळ्यावर निघून गेला.

मूल गावाच्या पलीकडच्या रानातलं ते गाव. ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याएवढी आणि प्रार्थनामंदिर रान ओलांडून पुढच्या गावात. दर रविवारी सगळी मंडळी त्या दगडापाशी जमायची आणि मिळून निघायची. ज्या घरचं कुणी येणार नसेल त्याने दगडावर डहाळी ठेवायची, म्हणजे बाकीचे खोळंबत नाहीत. एकट्याने मात्र कुणी जायचं नाही. दिवाळीआधी गावातली बुधरी एकटीच सरपणाला गेली होती. नाल्याजवळ तिचं लुगडं तेवढं सापडलं.

वाघ रांगेतला शेवटचा माणूस उचलतो, म्हणून बायामुलं मधे आणि कुऱ्हाडवाला शेवटी. ती शेवटची जागा इस्तारीची. खांदे रुंद आणि राग असा की वाघानेही दोनदा विचार करावा.

त्या रागानेच घात केला. मंडळीतल्याच केवळरामने त्याचं जाळं मागून नेलं आणि फाडून आणलं. इस्तारीने मंदिराच्या अंगणात, सगळ्यांसमोर, त्या म्हाताऱ्या लंगड्या माणसाची गचांडी धरली. पाळक म्हणाले, आधी भावाशी समेट कर, मग प्रभुभोजनाला बस. झालं! इस्तारीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"देव काय तिथीच बसून हाय? मी घरीच प्रार्थना करीन," तो बायकोला, गोकुळाला म्हणाला. "अन् तूबी जायाचं नाई."

घरी त्याने प्रार्थना केलीही, एका रविवारी. पुढच्या रविवारी घोरत पडला. दर वेळी भात रांधताना मंदिरासाठी मूठभर तांदूळ मडक्यात टाकायची रीत गोकुळाने मात्र सोडली नाही.

इस्तारी तळ्यावरून परतला तेव्हा चूल थंड होती आणि मडकं जागेवर नव्हतं.

धावत तो दगडापाशी गेला. तिथे कुणी नव्हतं. सकाळची डहाळी बाजूला पडली होती आणि तिच्याजवळ आधीच्या रविवारच्या वाळक्या डहाळ्या. त्यांचा विचार करायला त्याला सवड नव्हती. डहाळी बघून मंडळी निघून गेली असणार आणि गोकुळा मागून एकटीच गेली असणार. ती डहाळी त्यानेच ठेवली होती.

तो तसाच रानात घुसला. कुऱ्हाड घरीच राहिली.

नाल्याच्या ओल्या वाळूत माणसांची पावलं उमटली होती आणि त्यांच्यावर वाघाची. कडा अजून ढासळत होत्या. पलीकडे वाघाची पावलं वाट सोडून बांबूत वळली होती. वर वानर खाकरलं आणि गप्प झालं. इस्तारी चालला की बांबूत पाचोळा वाजे. तो थांबला की पाचोळाही थांबे.

तो भ्याला. आयुष्यात इतका कधी भ्याला नव्हता. घरी बसून करायची म्हणत होता ती प्रार्थना आठवेना. एक शब्द आठवेना. त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "गोकुळा!"

लांबून मंडळीच्या गाण्याचा बारीक आवाज येत होता. त्याच्या हाकेने तोही थांबला. आता सगळं रान चिडीचूप झालं. आपल्याला टाकून ही माणसं पुढे गेली, आणि जावंच त्यांनी, असं त्याला वाटलं.

मग ढोलक वाजली. गाणं पुन्हा सुरू झालं आणि ते जवळ येऊ लागलं.

बांबू हलले. काहीतरी जड उताराकडे सरकलं.

मंडळी उलटी फिरली होती, म्हणून रांगेतला शेवटचा माणूस आता सगळ्यांच्या पुढे होता. तो केवळराम होता. पाय ओढत, कुऱ्हाड पेलत, धापा टाकत. गोकुळा मधे होती, कडेवर मडकं.

"डहाळी पाहून बी थांबले काऊन?" गोकुळाला त्यांच्यात बघून इस्तारीने विचारलं.

"दर इतवारी थांबतो, बाप्पा," केवळराम म्हणाला. "एक गीत होऊ देतो. मंग डहाळी बाजूले ठेवतो अन् निंगतो. आज गोकुळाबाई आली."

इस्तारीने त्याच्या पायाकडे पाहिलं. आपण रुसून घरी लोळत होतो तेव्हा आपल्या जागेवर हा चालत होता. लाजेने त्याला मान वर करवेना.

"भाऊ, चुकलो मी. कुऱ्हाड द्या मले," तो म्हणाला. "तुमी मधी चाला."

केवळरामने कुऱ्हाड दिली. रांग वळली आणि मंदिराच्या वाटेला लागली. थोड्या वेळाने इस्तारीच्या पाठीमागे पाचोळा पुन्हा वाजला. त्याने कुऱ्हाड घट्ट धरली.

केवळरामनेही ऐकलं होतं. चालता चालता त्याने मागे हात केला.

"लई मांगं राहू नको, इस्तारी."