दोन औंस आणि एक चमचा

मित्रांनो, फडताळाच्या वरच्या फळीवर मागे ढकललेला जुना थर्मास पाहिलाय ना? तो मी. पत्र्याचं अंग कधीकाळी हिरवं होतं, आता रंगापेक्षा पोपडेच जास्त. पोटातली काच मात्र अजून शाबूत आहे.

चौपन्न साली जोगेश्वरीच्या दत्तारामांनी मला ऑफिसच्या चहासाठी घेतलं. चार टेबलांवर माझी तारीफ झाली, की ते अशी मान हलवत, जणू काच त्यांनीच फुंकली होती.

मग त्यांच्या सुगंधाताईंना मुलगा झाला. दुसऱ्याच दिवशी त्याचं पोट फुगलं, हिरवी उलटी झाली. आतड्याला पीळ पडला होता. परळच्या एका इस्पितळात त्याच दुपारी पोट उघडावं लागलं. बाळ तिकडे आणि आई इकडे, कारण बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, हा दत्तारामांच्या थोरल्या बहिणीचा, विमलाताईंचा कायदा.

सुगंधाताईंनी वाटीत दूध काढलं, बर्फात गार केलं आणि माझ्यात ओतलं. बूच बसवताना म्हणाल्या, "त्याला सांगा, आईनं पाठवलंय."

"अगं, तीन दिवसांचा आहे तो."

"म्हणूनच सांगा."

इस्पितळात बाळाच्या नाकात नळी होती, घोट्यापाशी सलाईन. सिस्टर जयंती बोलायला फटकळ. "भाऊ, पोटाला टाके आहेत. पाच दिवस तोंडानं थेंब नाही."

दत्तारामांनी मला छातीशी धरलं. "मग परत नेऊ? ती विचारेल हो."

"परत नेऊ नका, आणायचंही थांबवू नका. काढलं नाही तर दूध आटेल. मग सहाव्या दिवशी काय पाजाल?" त्यांनी शेजारच्या खाटेकडे बोट केलं. "त्या पोरीची आई बाळंतपणातच गेली. तिला देऊ?"

दत्तारामांनी हो म्हणून मान हलवली. ऑफिसातल्यासारखी नव्हे.

घरी सुगंधाताई दाराकडेच डोळे लावून होत्या. "प्यायला?"

"प्यायला की. दोन औंस."

खोटं बोलताना माणसं आकडा कसा नेमका सांगतात, हे मला तेव्हा कळलं. सुगंधाताईंनी भिंतीवर कोळशाच्या दोन रेघा ओढल्या. पाच दिवसांत दहा झाल्या. रोज मी परतलो, की त्या माझं बूच काढून आत वास घेत, जणू मी त्याचं डोकंच होतो.

सहाव्या दिवशी सिस्टरनी बाळाला एक चमचा पाजला. तो पोटात टिकला. दत्ताराम दारातूनच म्हणाले, "सुगंधा, एक चमचा प्यायला गं! अख्खा चमचा!"

शेगडीपाशी बसलेल्या विमलाताईंनी वर पाहिलं. "मेल्या, काल दोन औंस आणि आज एक चमचो? मगे हसतस कित्याक?"

दत्ताराम खाली बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले. सुगंधाताई भिंतीकडे बघत होत्या. "तो पाच दिवस उपाशी, आणि मी इथं मागून मागून जेवत होते."

मग त्यांनी विचारलं, "ती पोर कशी आहे दिसायला?"

"सावळी. जावळ दाट. दूध बघितलं की पाय झाडते."

"नाव?"

"ठेवलं नाही अजून. आपल्या बाळासारखंच."

सुगंधाताईंनी दहा रेघा पुसल्या नाहीत. त्यांच्याखाली एक बारकी रेघ वेगळी ओढली. दुसऱ्या दिवशी मला काठोकाठ भरलं. "दोघांचं आहे. आणि आता मला खरं सांगायचं."

एकविसाव्या दिवशी बाळ घरी आलं, पोटावर आडवी शिवण घेऊन. सुगंधाताईंनी त्याचं डोकं हुंगलं आणि मला फडताळात ठेवलं. मला आनंदच झाला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी मला भरायला आलं नाही, तेव्हा फार चुकल्यासारखं झालं. आठवड्यानं दत्ताराम दूध घेऊन पुन्हा वॉर्डात गेले, तर त्या खाटेवर दुसरंच बाळ होतं. पोरीचे वडील तिला गावी घेऊन गेले होते. कुठल्या, ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी भरलेलाच घरी आलो.

मित्रांनो, तुमच्याकडे थर्मास असेल तर त्याला आपटू नका. काम झालं की धुऊन, बूच काढून ठेवा, नाहीतर आत वास कोंडतो. सुगंधाताईंना हे सगळं माहीत आहे. तरी माझं बूच त्या घट्ट लावून ठेवतात. चहाला मला कुणी हात लावायचा नाही. घरात कुणी नसलं, की मला खाली काढतात, बूच उघडून हुंगतात आणि मलाच विचारतात, "आता केवढी झाली असेल रे ती?"