चहाआधीची गोळी

मित्रांनो, मी थायरॉईडच्या गोळ्यांची एक जुनी बाटली आहे. हल्ली माझ्यात शर्टाची बटणं ठेवतात, पण माझेही मानाचे दिवस होते.

कारखान्यात माझ्यासारख्या हजारो जणी, त्यामुळे जन्माला आल्याचं कौतुक कुणी केलं नाही. पुढे पेणच्या एका मेडिकलमध्ये फळीवर बसून राहिले. खोकल्याच्या औषधाला रोज गिऱ्हाईक, मला मात्र कुणी विचारेना. एके दिवशी जवळच्या कासू गावच्या रिझवानाने मला पिशवीत घातलं आणि मला घर मिळालं.

रिझवानाचा नवरा जुहेब कुवेतला कंपनीत होता. लग्नाला काही वर्षं झाली होती, पण दोघं एकत्र राहिली ती सुट्टीपुरतीच. त्यांना मूल हवं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आधी थायरॉईड आटोक्यात येऊ दे, मग पुढचा विचार. जुहेबची सुट्टी थंडीत होती. ती हुकली की पुन्हा वर्षभर वाट पाहायची.

रोज सकाळी शिफ्टला निघण्याआधी जुहेब व्हिडिओ कॉल करायचा. तिकडे त्याचा चहा, इकडे हिचा. त्यांचा संसार म्हणाल तर तेवढाच. जुहेबला काळजी फार, म्हणून गोळी माझ्यासमोर घे, असा त्याचा हट्ट. मग रिझवाना फोन माझ्या अंगाला टेकवून उभा करायची, गोळी जिभेवर ठेवायची आणि दुधाच्या गोड चहाबरोबर गिळायची. तो तिकडे समाधानाने मान हलवायचा. एवढ्या प्रेमाने घेतलेली गोळी लागू पडणारच, असं मलाही वाटायचं.

ती लागू पडली नाही. केस गळत राहिले, भाकऱ्या थापताना हात गळून जायचे. रक्ताच्या तपासणीत आकडा होता तसाच वर. मीच फसवल्यासारखी रिझवाना माझ्याकडे बघायची. मला फार वाईट वाटायचं.

डोस वाढवण्याआधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी घेतेस कशी? रिझवानाने खरं ते सांगितलं. तेव्हा कळलं, की चहा-दुधाबरोबर ही गोळी पोटात नीट शोषली जात नाही. ती उठल्याउठल्या रिकाम्या पोटी, साध्या पाण्याने घ्यायची आणि पुढे तासभर चहासुद्धा नाही. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी तर निदान चार तास लांब ठेवायची. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही.

घरी येऊन रिझवाना रडली. जुहेब उठायच्या आत गोळी घ्यावी तर तो बघणार नाही, कॉलवर घ्यावी तर सोबतीचा चहा जाणार. तिच्या सासूने, जुबेदाने, मला शेगडीजवळच्या वाफेतून उचलून कपाटात ठेवलं.

"रडतेस कशाला गो? चहा काय पळून जात नाय," ती म्हणाली. "पोर हवंय ना तुला?"

दुसऱ्या सकाळी रिझवानाने जुहेबला सगळं सांगितलं. त्याने चहाचा कप बाजूला ठेवला आणि पाणी घेतलं.

"तू पाणी, तर मीपण पाणी," तो म्हणाला.

तेव्हापासून कॉलवर दोघं पाणीच प्यायची. कॉल संपला की रिझवाना पायरीवर बसून राहायची. तासाभराने चहा घ्यायची, तो एकटीने. साखर तेवढीच असायची, पण तिला तो गोड लागत नसे.

पुढच्या तपासणीत आकडा ताळ्यावर आला. थंडीत जुहेब आला. पहिल्या सकाळी तो तिच्या आधी उठला आणि पाण्याचा पेला घेऊन आला. वर्षभर फोनमध्येच दिसलेला तो हात रिझवानाने धरला आणि सोडेचना.

"आधी गोळी," तो हळूच म्हणाला.

मग चहाची वाट बघत दोघं पायरीवर बसली, आणि तो तास त्यांना अपुरा पडला.

पुढे माझ्यातल्या गोळ्या संपल्या, नवी बाटली आली. सुट्टी संपवून जुहेबही परत गेला. बाळाची आस सगळ्या घराला आहे, मलाही आहे. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी सकाळी गोळी घेऊन चहासाठी थांबलेलं असेल, तर त्यांना चहाचा आग्रह करू नका. त्यांच्याजवळ थोडा वेळ नुसते बसा.