चिंचेने घासलेलं कार्ड

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी माझी धाकटी जाऊ चिमा मागीलदारी बसून चांदीचे रुपये घासत होती. चिंचेचा कोळ, वर चुलीतली राख. रुपये झाले, समई झाली. मग तिने पदराच्या गाठीतून लेकाने पाठवलेलं कार्ड काढलं आणि तेही त्याच कोळात बुचकळलं.

"पैसा म्हणजे लक्ष्मीच ना, वयनी? पूजेत पारोशी कशी ठेवू?"

लेक एकुलता, स्वरूप. बोटीवर असतो. दोन वर्षं मायलेकांची भेट नव्हती. मार्गशीर्षात बोट सिंगापूरला लागणार होती आणि त्याला एकाच दुपारची सुट्टी होती. त्याने आईचं विमानाचं तिकीट काढलं, तिथले डॉलर त्या कार्डात भरले आणि फोनवर बजावलं, "रोख आणू नकोस, हरवशील. विमानतळावर कार्ड देऊन गाडी कर, बंदराजवळच्या खानावळीत ये. चार वाजेपर्यंत मी आहे."

घासता घासता कार्डावरचा सोनेरी चौकोन एका कोपऱ्यातून उचलला. चिमाने तो अंगठ्याने दाबून धरला.

"बसेल ना?"

मी पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. कार्डाचा जीव त्या चौकोनात असतो, हे मला कळतं. वाडीतल्या बायकांत मलाच कळतं, म्हणून तर चिमा मला विचारल्याशिवाय बँकेची पायरी चढत नाही. दुसरं कार्ड मागवायला अजून महिना हाताशी होता.

माझा लेक नितेश मुंबईत. एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर. दोन गणपती झाले, आला नाही.

"बसेल गो," मी म्हटलं. "चांगलं लख्ख कर."

सिंगापूरहून चिमा आली ती थेट माझ्या ओटीवरच बसली. पिशवीही खाली ठेवली नव्हती.

"विमानतळावर गाडी ठरवायच्या खिडकीवर त्या पोरीने चारदा कार्ड घातलं, वयनी. पुसून घातलं, फुंकून घातलं. पैशाच्या मशीनने तर थुंकलंच. कनवटीला तीनशे रुपये होते आपले, ते बदलणाऱ्याने हसून परत सरकवले. आणि स्वरूपचा फोन म्हणजे बोटीवर असला तरच लागणार."

"मग गो?"

"बसले रडत. एक झाडूवाली होती, तामिळ. तिची पाळी सुटल्यावर तिने आपल्या पैशाने बसने नेलं मला. साडेपाच वाजले." चिमाने पदराने नाक पुसलं. "खानावळवाला म्हणाला, दोन ताटं मागवलीन्, दोन्ही तशीच ठेवून गेला."

मी तिच्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली.

"त्याच्या समोरचं ताट मी जेवले, वयनी. पैसे भरले होते ना त्याने. काय पाप आड आलं, कोण जाणे."

"असेल कुठल्या जन्मीचं," मी म्हटलं आणि तिला चहा केला. आलं घालून, तिला आवडतो तसा.

यंदा स्वरूपने नवीन कार्ड पाठवलंय. पौषात बोट पुन्हा तिथेच लागणार आहे. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी नितेशचा फोन आला, सुट्टी नाही म्हणून. दुपारी दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून चिमाने हाक मारली.

"वयनी, चिंच आहे का गो घरात? औंदा दोनदा घासते. गेल्या साली माझ्याच हातून लक्ष्मी पारोशी राहिली असणार."

मी बरणीत हात घातला आणि त्यातल्या त्यात मोठा गोळा काढून दिला.