आधी चावी, मग आकडा

"हा कितवा रे?" ताईने खोकं कानाशी धरून हलवून बघितलं.

"अगं, हलवू नकोस!"

"का? अंडी मागवलीस का?"

एक्स-रेवाला ओल्या डोक्यानेच बाहेर धावला आणि त्याने खोकं तिच्या हातातून काढून घेतलं. पोस्टमन अजून दारातच टेकून दम खात होता. परदेशी तिकिटं चिकटवलेली, दोरीने करकचून आवळलेली खोकी घेऊन हा जिना त्याने गेल्या काही महिन्यांत इतक्या वेळा चढला होता की आता त्यालाही बोलायचा हक्क मिळाला होता.

"साहेब, घर बांधायला काढलंय का? विटा मागवताय त्या."

ताईला हसू आलं. हसण्यामागून खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत दोघे पुरुष उगाच जिन्याच्या कठड्याकडे बघत उभे राहिले.

एक्स-रेवाल्याला सगळं रुग्णालय एक्स-रेवालाच म्हणायचं. घरी ताई 'बाबू' म्हणायची. म्हणजे त्याचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीपुरतंच उरलं होतं. तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत त्याची नोकरीची सगळी वर्षं गेली. माणसं यायची, शर्ट काढून थंडगार प्लेटला छाती टेकवायची. हा काचेमागे जाऊन किरणांचे आकडे लावायचा आणि ओरडायचा, "श्वास घ्या. रोखून धरा. सोडा." आकडे आधी, बटण मागाहून. माणूस जाडा असो की काटकुळा, पोरगं असो की म्हातारं, आधी आकडे लावायचे. हे त्याच्या हाताला इतकं मुरलं होतं की घरी पंखा लावतानाही तो आधी वेग ठरवून मगच बटण दाबायचा. ताई त्यावरून त्याची टर उडवायची. खरं तर हे वळण तिचंच. आई-वडील गेल्यावर तिनेच त्याला वाढवला, शाळांचे गणवेश शिवून शिकवला. "आधी माप, मग कात्री," हे तिचं वाक्य ऐकतच तो मोठा झाला. तिचा नवरा लवकर गेला, तेव्हा शिलाई मशीन घेऊन ती पुन्हा याच घरात आली. त्याचं लग्न आधी जमलं नाही आणि नंतर जमवायचं राहून गेलं. दोघांचं बरं चाललं होतं. थकवा होता, पण तो वयाचा आहे असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

मग ताईचा खोकला हटेना, आणि एके दिवशी तीच त्याच्या प्लेटसमोर उभी राहिली.

आता फिल्म धुवायची भानगड नसते. चित्र सरळ पडद्यावर येतं. त्याच्या पडद्यावर ताईची छाती आली आणि डॉक्टरच्या आधी त्याला कळलं. इतक्या वर्षांत अशा किती छात्या त्याने बघितल्या होत्या. पुढच्या तपासण्या झाल्या, त्यांनीही तेच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "आता त्रास कमी करायचा, एवढंच आपल्या हातात आहे. त्यांना मी सांगू का?" हा म्हणाला, "नको, मी सांगतो." आणि घरी येऊन त्याने सांगितलं, "साधा डाग आहे. गोळ्यांनी जाईल, पण वेळ लागेल."

कॅमेऱ्यांचं वेड लागलं ते त्यानंतर.

आयुष्यभर माणसांना आतून बघितलं आणि ताईचा बाहेरून काढलेला एक धड फोटो घरात नाही, हे त्याच्या एकदम ध्यानात आलं. फोनमध्ये होते, पण ते कसले फोटो! हातात धरता येत नाहीत, धुता येत नाहीत, उजेडासमोर धरून बघता येत नाहीत. त्याला फिल्मवरचा फोटो हवा होता, स्वतः काढलेला आणि स्वतः धुतलेला. ताई अजून ताईसारखी दिसते आहे तोवर. एवढीच गोष्ट त्याला हवी होती आणि ती का हवी आहे हे तिला सांगता येत नव्हतं. म्हणून तो म्हणाला, "छंद लागलाय."

"या वयात? लाग बाबा. दारू-बिरूपेक्षा बरा," ताई म्हणाली.

जर्मन कॅमेरे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. फोनवर शोधता शोधता तो सोव्हिएत काळातल्या कॅमेऱ्यांपाशी पोचला. जाडजूड, वजनदार, बॅटरी-बिटरी काही नाही, आणि किंमत खिशाला झेपणारी. फोटोत तर एकेक असा चकाकत होता की डोळे दिपावेत. पण दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही उगाच नाही. पहिल्या कॅमेऱ्याच्या भिंगात बुरशी निघाली, पावावर येते तशी. दुसऱ्याच्या आतला पडदा इतका विरलेला की टॉर्च लावल्यावर त्यात चांदणं दिसलं. तिसऱ्यावर पितळी मुलामा, वर गरुड आणि मोठं जर्मन नाव कोरलेलं. तो हरखून गेला. ताईने चष्मा लावून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "हे अक्षर सरळ रेषेत नाही. कुणीतरी घरी बसून कोरलंय." खरंच तसं निघालं. हळूहळू त्याला विक्रेत्यांची भाषा कळायला लागली. 'नव्यासारखा' म्हणजे बाहेरून पुसलेला. 'आजोबांच्या कपाटातला' म्हणजे कपाटातच गंजलेला. 'मला यातलं काही कळत नाही, म्हणून तपासला नाही' म्हणजे तपासलाय, चालत नाही.

मग त्याला तो म्हातारा भेटला. भेटला म्हणजे फोनवरच. तिकडचा एक कॅमेरे दुरुस्त करणारा, विकायचा तेही स्वतः उघडून, साफ करून. त्याच्या भाषेतलं फोनच इकडच्या भाषेत करून द्यायचा, त्यामुळे म्हातारा फार अदबीने बोलल्यासारखा वाटायचा. "आदरणीय मित्रा, हा झॉर्की कॅमेरा मी माझ्या हाताने नीट केला आहे. कृपा करून एक लक्षात ठेवा. आधी चावी द्या, मग वेगाच्या चकतीवरचा आकडा फिरवा. चावी न देता आकडा फिरवलात, तर आतली खिट्टी मोडेल आणि माझे हात तुमच्यापासून लांब आहेत." दोन दिवसांनी त्याने पुन्हा लिहिलं, "आदरणीय मित्रा, आधी चावी." पार्सल निघालं त्या दिवशी पुन्हा तेच. एक्स-रेवाला वैतागून ताईला म्हणाला, "मला काय शाळेतलं पोर समजतो की काय हा!"

विटांचं म्हणून पोस्टमनने हिणवलेलं खोकं ते हेच. आतून जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेला कॅमेरा निघाला, तेलाचा हलका वास असलेला. त्याने चावी दिली, बटण दाबलं. खटका असा स्वच्छ वाजला की ताईही म्हणाली, "हा बरा दिसतोय."

"रविवारी तुझा फोटो काढू."

"एवढी घाई कसली? जरा अंगावर मांस चढू दे. बघ, गळ्याची हाडं कशी वर आलीत."

"रविवारीच काढू," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. ताईने त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली.

रविवारी सकाळी ती तयार होऊन गॅलरीत बसली. ठेवणीतला निळा स्वेटर, केस नीट विंचरलेले, ओठांना किंचित काहीतरी लावलेलं.

"काळा-पांढराच येणार ना? मग निळा कशाला घातला मी, वेडीच आहे," असं म्हणून ती हसली.

ऊन पडलं होतं, पण कडक नव्हतं. त्याने फिल्म भरली, सुरुवातीचे दोन खटके रिकामे सोडले, अंतर मोजलं. मग आभाळाकडे बघितलं. ढग बाजूला झाला होता, उजेड वाढला होता. त्याच्या हाताने आपसूक जे केलं ते तो तीस-बत्तीस वर्षं करत आला होता. त्याने आधी आकडा लावला.

मग चावी दिली. आत कुठेतरी 'कट्' झालं, बारीक, सुपारी फोडल्यासारखं. चावी एकदम हलकी फिरली.

त्याला कळलं. त्याच क्षणी कळलं. म्हाताऱ्याचे तिन्ही निरोप एकदम आठवले.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"काही नाही. हलू नकोस."

आणि तो फोटो काढत सुटला. थांबला असता तर सांगावं लागलं असतं. शिवाय समोर ताई इतकी छान बसली होती! कठड्यावर हात टाकून तिने गणवेशाच्या गोष्टी काढल्या होत्या. एकाच वर्गातल्या पोरांची मापं तिने एकदा अदलाबदल करून शिवली आणि शाळेच्या पहिल्या दिवशी अर्धा वर्ग पँट धरून उभा होता, ही गोष्ट सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. तो चावी देत होता, बटण दाबत होता. चावी पोकळ फिरत होती, आवाज भलताच येत होता. कदाचित एखादा आला असेल, असं तो मनाशी म्हणत राहिला. माणूस किती वेडा असतो! रोज लोकांना 'काही नसेल, घाबरू नका' म्हणणारा हा, स्वतःला तेच सांगत होता.

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर त्याने जुन्या डार्करूमची किल्ली मागितली. तिथे आता मोडक्या चाकांच्या खुर्च्या ठेवतात. किल्ली देताना स्टोअरकीपर म्हणाला, "आता काय भुतांचे एक्स-रे काढणार का?" हा किल्ली घेऊन आत गेला. खुर्च्या सरकवून जागा केली, नळाचं गंजलेलं पाणी जाऊ दिलं, अंधारात फिल्म धुवायच्या डबीत चढवली, वर औषध ओतलं. हात अजून सगळं विसरले नव्हते. वास तोच होता, आंबटसर, नाकाला झोंबणारा. वेळ मोजून त्याने डबी उघडली आणि फिल्म दिव्यासमोर धरली.

भरताना उजेड लागलेला टोकाचा तुकडा काळा होता. पुढे सगळी फिल्म काचेसारखी स्वच्छ, शेवटपर्यंत. उजेड आत गेलाच नव्हता.

तिथल्याच एका मोडक्या खुर्चीत तो बसला आणि रडला. बऱ्याच दिवसांचं साठलं होतं. मग तोंड धुऊन घरी निघाला.

ताई गॅलरीत त्याच जागी बसली होती. आज अंगावर साधा, रोजचा स्वेटर होता.

"आले?"

"सुकायला ठेवलेत. उद्या-परवा मिळतील."

त्याने चप्पल काढली, पाणी प्यायलं, येऊन शेजारी बसला.

"नाही आले ना?" तिने विचारलं.

"सुकायला..."

"बाबू, त्या दिवशी तू त्या काचेमागून बाहेर आलास ना, तेव्हाही तुझं हेच तोंड होतं. मला म्हणालास, 'साधा डाग आहे.' आणि माझी पिशवी उचललीस. आजवर कधी उचलली होतीस माझी पिशवी?"

"तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"पिशवी उचललीस तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला बोलता येईना, मग मी बोलून काय केलं असतं? तुला ते सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, राहू दे, त्याला तेवढंच बरं." तिने खोकला दाबला. "आणि खरं सांगू? ती पार्सलं यायची, तू पोरासारखा धावायचास. मला मजा यायची. फोटोचं काय एवढं!"

"मोडला मी तो, ताई. आधी आकडा फिरवला. त्याने तीनदा सांगितलं होतं, तरी."

"आधी माप, मग कात्री. मीच शिकवलंय. मला दे शिव्या."

खाली रस्त्यावरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी आपटत होतं. लपवायचं काही उरलं नव्हतं, आणि त्यामुळे दोघांनाही एकदम खूप दमल्यासारखं झालं.

"त्या म्हाताऱ्याकडे दुसरा आहे का?" ताईने विचारलं.

"आहेत एक-दोन."

"यायला किती दिवस लागतात?"

त्याने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाला, "महिना. कधी दीडही लागतो."

ताईने रस्त्याकडे बघितलं. एखाद्या वर्गाचे गणवेश शिवायला किती कापड लागेल, ते मनात मोजावं तसे तिचे ओठ जरासे हलले.

"मागव," ती म्हणाली. "थांबते मी."

त्याने फोन काढला, म्हाताऱ्याचं दुकान उघडलं. अक्षरं त्याला दिसेनात. तो नुसताच पडद्यावर अंगठा फिरवत राहिला, तेव्हा ताईने फोन त्याच्या हातातून घेतला, चष्मा नाकावर सरळ केला आणि कॅमेऱ्यांचे फोटो एकेक करत शांतपणे बघितले. एकावर ती थांबली.

"कुठे दाबायचं रे?"

त्याने दाखवलं. ताईने दाबलं.