देवाच्या टोपलीखालची गरम सीट

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीतली पुढची, डाव्या बाजूची सीट आहे. अकोल्याच्या उन्हाळ्यात माझी गोष्ट सांगितली तर लोक हसतात. कारण मी गरम होणारी सीट आहे. माझा पहिला मालक बर्फाच्या मुलखातला होता. त्याच्यासाठी कारखान्यात माझ्या अस्तराखाली बारीक तारा अंथरल्या गेल्या. बटण दाबलं की त्या तापत आणि बसणाऱ्याची पाठ शेकत.

या हातातून त्या हातात विकली जात ही गाडी मूर्तिजापूरजवळ, मनोज नावाच्या शेतकऱ्याच्या दारात आली. त्यांचा फुलांचा मळा. भल्या पहाटे फुलं अकोल्याला न्यायची. मनोजची आई, माणिकबाई, माझ्यावर बसायची. उभा जन्म वाकून फुलं तोडल्यानं तिची कंबर धरलेली. पहिल्या थंडीत मनोजनं बटण दाबलं, तेव्हा ती आधी दचकली, मग डोळे मिटून म्हणाली, "बाप्पा! हे तं चुलीपाशी बसल्यावानी वाटते रे!" त्यानंतर कितीही थंडी पडो, तिचा बाजार चुकला नाही. एवढं कौतुक माझं आधी कुणीच केलं नव्हतं.

बाकीची फुलं मागे असत. देवळात द्यायची टोपली मात्र ती खाली ठेवू देत नसे. "देवाची फुलं पायापाशी ठेवतेत का?" टोपली तिच्या मांडीवर, आणि ती उतरली की माझ्यावर. फुलं ताजी राहावीत म्हणून वर ओलं फडकं. त्याचं पाणी माझ्या शिवणीतून झिरपे आणि खाली, तारा जिथं जोडल्या आहेत, त्या जोडावर पडे. जोड हळूहळू गंजला. मला कळत होतं. पण सांगणार कशी?

यंदा मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी मी गार पडले.

बाजार आटोपून मनोजनं गाडी जठारपेठेत योगेश मिस्त्रीकडे नेली. योगेशनं फ्यूज पाहिला, शाबूत होता. बटण दाबलं, त्याचा दिवा लागला. "इथवर वीज तं येऊन राहिली," तो म्हणाला. "सीटखाली पाहा लागन. टोपली उचला, मावशी."

आता सापडणार, असं मला वाटलं.

"कुठी ठेवू? तुह्या ऑइलच्या जमिनीवर?"

"बोनेटवर ठेवा."

"इंजिनच्या गरमीनं कोमेजतीन नं!"

"आण, मी धरतो," मनोज पुढे आला.

"हात नोको लावू! आत्ताच तंबाखूचा खर्रा घोटला तुनं त्या हातानं."

योगेशनं आपले काळे हात पाहिले आणि हसून मागे घेतले. "मंग तुमीच धरा, मावशी."

माणिकबाईनं वाकून टोपली उचलली. कंबरेत कळ आली, आणि टोपली पुन्हा माझ्यावर टेकली. देवळात पोचायची वेळ होत आली होती.

"आतल्या तारा जळाल्या असतीन," योगेशनं वरूनच सांगून टाकलं. "हे सामान आपल्याकडे भेटत नाही."

जळाल्या नव्हत्या हो! वीतभर खाली तो जोड होता. पॉलिश पेपरनं चार वेळा घासला असता तरी पुरे होतं.

पुढच्या गुरुवारी अकोल्यात माणिकबाईला गाडीतून उतरताच येईना. मनोजनं आणि एका हमालानं धरून उतरवलं. परतताना मनोज म्हणाला, "आई, आता तू घरीच राय."

"तुले फुलाचा भाव तरी करता येते का?" ती फणकारली. घरी उतरताना तिनं माझ्यावर हात फिरवला. "तुही बी कंबर गेली का वं बाई?"

मित्रांनो, एखादी वस्तू गार पडली म्हणजे ती मेली, असं लगेच ठरवू नका. तिच्यावरचं ओझं घटकाभर उतरवा आणि खाली वाकून पाहा. देवाची फुलं खुशाल वर ठेवा. पण टोपलीखाली एक परात ठेवा.

आज पुन्हा गुरुवार. मनोजनं टोपली माझ्यावर ठेवून पट्ट्यानं बांधली आहे. माणिकबाई शाल गुंडाळून ओट्यावर उभी आहे.

"फुलं खाली नोको ठेवू रे!" ती तिथूनच सांगते.

गाडी सुरू होते. फडक्यातला पहिला थेंब माझ्या शिवणीत उतरतो.