पाकळ्यांच्या जागी

एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात कसे जावे, हा प्रश्न हितेंद्र सरांनी महाविद्यालयात तीस वर्षे शिकवला, आणि निवृत्तीनंतर स्वतःचा एकमेव चित्रपट काढताना त्याचे एकच उत्तर दिले होते. यावलच्या केळीबागेत नवऱ्यासोबत राबणारी बाई विळा चालवते, घड खाली येतो. त्याचा धप्प आवाज विरायच्या आत ती धुळ्यात मुलाच्या ओट्यापाशी उभी असते, कपाळ मोकळे. मध्ये मृत्यू नाही, रडारड नाही, रस्ता नाही. या एका जोडासाठी बाकीचा चित्रपट त्यांनी सोसला होता.

पिंप्राळ्यातल्या चंदनच्या स्टुडिओत त्या जोडाच्या जागी आता चार मिनिटे होती. गुलाबाच्या पाकळ्या उडत आल्या, त्यांनी पडदा झाकला, आणि त्या ओसरल्यावर शिरपूरमार्गे धुळ्याला निघालेली एसटी सोनगीरला थांबली. थांब्यावर निर्माते जवरीलालशेठ यांचे अख्खे कुटुंब प्रवासी होऊन उभे होते; त्यांच्याच आग्रहाने चित्रित केलेला हा प्रसंग सरांनी केव्हाच वगळला होता. शेठच्या पत्नी कुसुमलता यांनी कॅमेऱ्याकडे पाहून पदर सारखा केला आणि गाडीत बाईला शेजारी बसायला जागा दिली. पाच वाजेपर्यंत चित्रपट महोत्सवाकडे पाठवायचा होता. साडेतीन वाजले होते.

"हे कोणी घातलं?"

"मीच घातलं, सर," चंदन निर्मळपणे म्हणाला. पंधरा वर्षे तो लग्नांची शूटिंग जोडत होता. त्या धंद्यात आहेर केलेला माणूस कापला, तर दोन घरांचे बोलणे बंद होते. "बठ्ठा लोक इचारतीन ना, बाई धुळ्यामा उनी कशी, कोनत्या गाडीनं?"

"आणि पाकळ्या? नवरा मेलाय तिचा."

"म्हणून लाल नही, गुलाबी घेतल्या."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. कधी काळी त्यांनी या वाक्यावर व्याख्यान दिले असते. अडाण्याशी भांडता येते. कर्तव्यबुद्धीने केलेल्या नासाडीशी कसे भांडावे, हे त्यांच्या कपाटातल्या एकाही ग्रंथात नव्हते.

जवरीलालशेठ खुर्चीत सरकून बसले. "सर, तुम्ही विद्वान. पण चार मिनिटांनी काय बिघडतं? बाईंनाच विचारा की. काम त्यांनी केलंय."

काम केलेल्या कुंदाबाई कोपऱ्यात बशीतून चहा पीत होत्या. नटी म्हणून नव्हे, विळा हातात नीट बसतो म्हणून सरांनी त्यांना यावलच्या बागेतून निवडले होते. आधी त्यांना एसटीचा भाग दाखवला. कुसुमलतांची साडी ओळखून त्या हसल्या. मग सरांचा जोड. घड पडला, ओटा आला. त्यांनी बशी खाली ठेवली.

"परत दाखव रे, भाऊ."

चंदनने परत दाखवला.

"अशीच आली व्हती मी," त्या म्हणाल्या. "माहे मालक गेले तव्हा. बागीत व्हती, अन् मंग भावाच्या घरी भांडे घाशत व्हती. मधलं मले काहीच आठोत नही."

सरांच्या छातीत फार दिवसांनी काहीतरी ताठ उभे राहिले. तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने त्यांना हे वाक्य दिले नव्हते. "ऐकलंत, शेठ?" ते हळू म्हणाले.

"पन सर," कुंदाबाई पुढे म्हणाल्या, "एसटी राहू द्या."

"का?"

"तव्हा कोनी नव्हतं माह्या संगं. इथं एवढे मानसं हायेत. ह्या अक्का तर जागा देतात बसाले."

शेठनी समजूतदारपणे घड्याळ पाहिले. जिंकल्याचा आनंद लपवण्याइतकी सभ्यता त्यांच्यात होती, आणि सरांना तीच सर्वाधिक असह्य झाली. बाईचे म्हणणे खोडून काढणे अवघड नव्हते. दुःखाला सोबत पुरवणे हे कलेचे काम नव्हे, एवढे म्हटले की झाले. मात्र ते तिच्या तोंडावर म्हणायला लागले असते.

"एसटी राहू दे," ते चंदनला म्हणाले. "पाकळ्या काढ."

"मंग तठे काय टाकू?"

"काही नाही. काळा पडदा. आवाजसुद्धा नको."

चंदनने पाकळ्या पुसल्या आणि बोट बटणावर तसेच ठेवले. "काहीच नही म्हंजे, सर, कितला सेकंद?"

सरांनी कोपऱ्यातल्या कुंदाबाईंकडे मान केली.

"त्यांना विचार."